मागची येते!

मंडळी, गोव्याच्या कुठल्याही फाट्यावर दिवस मावळताना उभे राहा, दोन शब्द तुमच्या कानावर हमखास पडतील. बस येते, थांबल्यासारखे करते, कंडक्टर दारात एका पायावर लोंबकळत असतो. तुमच्या डोक्यावरची पाटी किंवा काखेतली गोणी पाहून तो हात आडवा करतो आणि म्हणतो, "मागची येते!" एवढे बोलून शिटी मारतो. बस जाते. आणि मागची येत नाही.

ती का येत नाही, हा आजचा विषय आहे. विषय लहान वाटेल. विधानसभेत त्यावर कोणी बाके बडवणार नाही. परंतु पहाटे अंधारात मालीमच्या धक्क्यावर पोचायचे असते त्या बाईला, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मिरची, नारळ, केळी घेऊन बसायचे असते त्या शेतकऱ्याला विचारा. त्यांच्या दृष्टीने यापेक्षा मोठा विषय कोणता?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. आमच्या फाट्यावर साडेसातची शेवटची गाडी असते. असते म्हणजे कागदावर असते. त्या संध्याकाळी आम्ही सहाजण उभे होतो. बाजारातून रिकामी पाटी घेऊन परतणारी एक मावशी, औषधाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी, दोन कामगार, दवाखान्यातून आलेले एक म्हातारे कूळ आणि मी. पावणेसातची गाडी खच्चून भरलेली होती. तिच्या कंडक्टरने मावशीची पाटी पाहिली आणि आमचा तो ठरलेला मंत्र म्हटला. मावशी म्हणाली, "अरे बाबा, पाटी रिकामी आहे, धुतलेली आहे, वास सुद्धा नाही." तो म्हणाला, "मावशी, लोक ओरडतात. मागची येते ना!"

साडेसात झाले, आठ झाले. समोरच्या गाडेवाल्याने शटर ओढता ओढता सांगितले, "ती आज लग्नाला गेली." म्हणजे बस लग्नाला गेली! वऱ्हाडाच्या भाड्याने. आम्ही सहाजण वाऱ्यावर, आणि बस हळदीकुंकवाला. अखेर बर्फ पोचवून परतणाऱ्या एका पिकअपवाल्याला आमची दया आली. म्हातारेबुवांना आम्ही पुढे बसवले, बाकीचे मागे ओल्या फळ्यांवर. मुलीच्या घरून तोवर चार फोन येऊन गेले होते. मावशी काही चिडली नव्हती. मला जास्त लागले ते तेच. ती म्हणाली, "हे रोजचेच." अन्याय रोजचा झाला की माणूस त्याला हवामान समजायला लागतो. आज पाऊस आहे तसे आज बस नाही.

आता जरा कायद्याकडे वळू. कूळकायदा आपल्या लोकांनी तोंडपाठ केला म्हणून १९६४ नंतर कुळे टिकून राहिली. बसचा कायदा मात्र आपण कधी उघडून पाहिला नाही. देशात १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे. त्याचे ७२ वे कलम टप्पा वाहतुकीच्या परमिटाविषयी, म्हणजे तुमच्या आमच्या रोजच्या बसविषयी आहे. परमिट देताना दिवसाला कमीत कमी किती फेऱ्या झाल्याच पाहिजेत ही अट घालता येते. मंजूर वेळापत्रक गाडीत आणि ठरवलेल्या थांब्यांवर लावले पाहिजे, अशीही अट घालता येते. त्या वेळापत्रकापासून गाडी किती मागेपुढे झाली तर चालेल, तेही ठरवून देता येते. आणि परमिटाची अट मोडली तर ८६ व्या कलमाखाली ते परमिट काही काळ थांबवता येते किंवा रद्दही करता येते.

सांगा पाहू, तुमच्या थांब्यावर वेळापत्रक तुम्ही कधी पाहिले आहे काय? मी पाहिलेले नाही. थांब्यावर आमदारांचे वाढदिवस पाहिले, नाटकाचे फलक पाहिले, "जागा विकणे आहे" पाहिले, थांबा कोणाच्या निधीतून बांधला त्याची संगमरवरी पाटीही पाहिली. फक्त गाडी किती वाजता येते एवढे तिथे लिहिलेले नसते. ज्याला वेळच माहीत नाही तो फेरी चुकल्याची तक्रार कशाच्या आधारावर करणार? साडेसातची गाडी आली नाही असे मी म्हटले, तर अधिकारी मला विचारू शकतो की साडेसातची गाडी आहे हे तुम्हांला कोणी सांगितले? आणि माझ्यापाशी उत्तर एवढेच, की गाडेवाल्याने.

परमिट हे वतन नव्हे, हे एकदा सर्वांनी समजून घ्यावे. रस्ता लोकांचा आहे. त्या रस्त्यावर ठरावीक वेळी गाडी चालवण्याचा हक्क सरकार एकाला देते, तेव्हा त्या वेळी दुसऱ्याने तिथे गाडी घालायची नसते. म्हणजे साडेसातची फेरी ज्याच्या नावावर आहे त्याने ती पडीक ठेवली, तर ती दुसरा कोणी कसू शकत नाही. भाटकाने जमीन स्वतः कसायची नाही आणि कुळालाही कसू द्यायची नाही, असा हा प्रकार. जमिनीच्या बाबतीत तो आपण मोडून काढला. बसच्या बाबतीत तो तुमच्या डोळ्यांदेखत चालला आहे.

पण बसमालकाला नुसत्या शिव्या देऊन माझे काम भागणार नाही, आणि ते न्यायाचेही होणार नाही. आपल्याकडचा बसमालक म्हणजे कोणी टाटा-बिर्ला नव्हे. एक गाडी, फार तर दोन. कोणी बायकोचे दागिने ठेवून घेतलेली, कोणी आखातातून आणलेल्या पैशाची. तो आपल्याच वाड्यावरचा असतो. त्याची बाजू मी ऐकली आहे. सकाळची आठची फेरी भरून जाते, तिच्यावर डिझेल सुटते. दुपारची दोनची फेरी चार माणसांवर निघते. रात्रीची साडेसातची जाताना अर्धी भरते आणि येताना रिकामी येते. ड्रायव्हर मिळत नाही, मिळाला तर रात्री थांबायला तयार नसतो. विमा, टायर, बँकेचा हप्ता. २०२० साली टाळेबंदीत गाड्या महिनोन्महिने अंगणात उभ्या होत्या, हप्ते मात्र धावत होते. त्याचे म्हणणे खोटे नाही.

खोटे आहे ते पुढचे गणित. आठच्या फेरीचा नफा त्याला हवा, साडेसातच्या फेरीचा तोटा मात्र तुम्ही सोसायचा. परमिट दोन्ही फेऱ्यांचे मिळून आहे. मलई आणि ताक एकाच भांड्यातले आहे. मलई मी खातो आणि ताक ओतून टाकतो, असे चालणार नाही. शेतकरी असे म्हणतो काय, की मी फक्त पीक काढणार, बेणणी करणार नाही?

आणि या टाकलेल्या फेऱ्यांचा फास शेवटी त्याच्याच गळ्याला बसतो आहे, ही गोष्ट त्याने शांतपणे पाहावी. संध्याकाळची गाडी भरवशाची नाही, म्हणून औषधाच्या दुकानातल्या त्या मुलीने कर्ज काढून स्कूटर घेतली. (खरोखरच घेतली. परवा भेटली होती.) स्कूटर घेतल्यावर ती सकाळची आठची गाडी धरील काय? नाही. म्हणजे साडेसातची फेरी बुडवली आणि आठच्या फेरीचे गिऱ्हाईक गेले. आता आठची गाडीही थोडी रिकामी जाते, म्हणून दुपारची फेरी बंद होते, म्हणून आणखी दोघे स्कूटर घेतात. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. नोंदलेल्या वाहनांचा आकडा आज त्याच्याही पुढे गेला आहे. पाळण्यातल्या पोरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला एक वाहन! त्यात बहुसंख्य दुचाक्या, आणि रस्त्यावर दरसाल जी माणसे मरतात त्यांतही दुचाकीवालेच अधिक. बस चुकली म्हणून स्कूटर घेतलेला पोर त्या यादीत किती वेळा असेल, याची नोंद कुठलेच खाते ठेवत नाही.

जे स्कूटर घेऊ शकत नाहीत ते उरतात. ते कोण? तुम्हीच. पाटी डोक्यावर घेऊन स्कूटर चालवता येत नाही. साठीच्या बाईला परवाना कोण देणार? भाजीची गोणी, केळीचा घड, खाऱ्या मासळीचा पसारा हे पायलटच्या मागे बसून नेता येत नाही, आणि रिक्षाला द्यायचे तर सकाळच्या विक्रीतला नफा तिथेच संपतो.

शहरातल्या बाबूला गाडी चुकली तर हजेरीपटावर लाल रेघ पडते. मासळीवालीला गाडी चुकली तर माल मरतो. धक्क्यावरचा लिलाव कोणासाठी थांबत नाही. पहिली गाडी चुकली की चांगली मासळी दुसऱ्याच्या पाटीत गेलेली असते. उरलेली महाग घ्यायची, आणि बाजारात पोचेपर्यंत गिऱ्हाईक अर्धे पांगलेले. तांबडी भाजी दुपारपर्यंत मान टाकते. आगशीची वांगी एक दिवस टिकतील, पण कोथिंबीर टिकत नाही. म्हणजे एका फेरीचे नुकसान तिकिटाएवढे नसते, ते त्या दिवसाच्या पाटीएवढे असते. हा हिशेब वाहतूक खात्याच्या कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही, कारण तिथे प्रवासी मोजतात, पाट्या मोजत नाहीत.

त्यातून वर्षाचे काही दिवस तर ठरलेलेच. रविवारी मासळीला सर्वात जास्त गिऱ्हाईक असते आणि रविवारीच गाड्या सर्वात कमी असतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी. तेव्हा सुक्या मासळीवर घर चालते, आणि सुक्या मासळीची गोणी पाहिली की कंडक्टर नाकाला रुमाल लावतो. (संध्याकाळी घरी तोच सुका बांगडा भाजून खातो तो भाग वेगळा.) चतुर्थीच्या आधी सत्तरीतले लोक माटोळीचे सामान घेऊन डिचोली, म्हापसा, पणजीच्या बाजारात उतरतात. वर्षातली तेवढीच रोख कमाई. आणि नेमक्या त्याच दिवसांत चालक-वाहक आपापल्या गावी गेलेले, गाड्या झाडाखाली उभ्या. निवडणुकीच्या सभांना गाड्या लागतात तेव्हा तर विचारूच नका. त्या सभेत पुढारी सांगतात की आम्ही गावागावांत बस आणली. आणली होती खरी. पण त्या वेळी ती सभेच्या मैदानावर उभी असते.

नदीकाठच्या गावांचे दुखणे आणखी निराळे. चोडणचा माणूस रायबंदरला, दिवाडीचा जुन्या गोव्याला फेरीबोटीने येतो. फेरीबोट धक्क्याला लागत असते, माणसे अजून उतरायची असतात, आणि समोरची बस चालू होऊन निघून जाते. दोन मिनिटे थांबली असती तर वीस तिकिटे मिळाली असती. पण पुढच्या थांब्यावर मागच्या गाडीच्या आधी पोचायचे असते ना! फाट्याफाट्यावर ही शर्यत चाललेली. एका मार्गावर तीन गाड्या एकमेकींच्या शेपटीला, आणि नंतर पाऊण तास एकही नाही. कंडक्टरला रोजच्या गल्ल्यावर कमिशन असले की हे असेच होणार. तो माणूस वाईट नाही, पगाराची पद्धत वाईट आहे.

जुनी माणसे अजून बसला कारेर म्हणतात. पोर्तुगीज अमदानीतल्या त्या लाकडी कारेरीत कोंबड्या, पाट्या, माणसे सारे एकत्र जायचे. तिचे मी गोडवे गाणार नाही. पण मुक्तीनंतर आपण काय मिळवले ते पाहा. १९७८-७९ साली विद्यार्थ्यांनी खाजगी बसभाड्यात पन्नास टक्के सवलतीसाठी आंदोलन केले. त्यावेळी रस्त्यावर उतरलेले आज सत्तरीकडे झुकले आहेत. त्यानंतर १९८० साली कदंब वाहतूक महामंडळ स्थापन झाले. म्हणजे सरकारी बस गोव्यात आपसूक आली नाही, पोरांच्या पाठीवरच्या वळांतून आली. हे नव्या पिढीने विसरू नये, आणि कदंबच्या साहेबांनी तर मुळीच विसरू नये.

कदंबची पणजी-मडगाव आणि पणजी-वास्को शटल सेवा तुम्ही पाहिली असेल. खिडकीवर तिकीट, रांग, गाडी भरली की निघाली, मागे दुसरी उभी. तिथे "मागची येते" म्हटले तर ती खरोखरच येते. तिथे वेळापत्रकाची चौकशी कोणी करीत नाही, कारण भरवसा आहे. मोटार असलेली माणसेही ती घरी ठेवून त्या रांगेत उभी राहतात. यावरून काय दिसते? लोकांना बस नको आहे, असे नव्हे. लोकांना अनिश्चिती नको आहे. पणजी शहरातही २०२४ साली कदंबच्या विजेवरच्या गाड्या शहरमार्गांवर आल्या. स्मार्ट सिटीच्या नावाने आधी रस्ते खणून शहराची चाळण केली होती, त्या चाळणीतून या गाड्या निघाल्या. चांगले झाले. पण शहराच्या पोटात थंडगार गाडी आणि फाट्यापासून शहरापर्यंत भगवान भरोसे, असे झाले तर त्या थंडगार गाडीत बसायला तुम्ही पोचणार कसे?

सीमेपलीकडे सिंधुदुर्गात एस.टी.ची एक जुनी रीत आहे, वस्तीची गाडी. रात्री शेवटची फेरी घेऊन गाडी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच मुक्काम करतात आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून निघते. गावाला रात्रीची शेवटची आणि पहाटेची पहिली, दोन्ही गाड्या एकाच युक्तीने मिळतात. रिकामे परत येण्याचा खर्चही वाचतो. आमच्या बसमालकाची नेमकी हीच तक्रार ना, की रात्री येताना गाडी रिकामी येते? मग रात्री परत आणतोस कशाला? गावात ठेव. पंचायतीने एक खोली, एक नळ आणि दिव्याची सोय करावी. पहाटेची मासळीवाली आणि शेवटच्या पाळीचा कामगार दोघांचेही काम होईल.

एस.टी.चे नाव काढले की काही जण म्हणतील, आलेच हे पुन्हा महाराष्ट्राचे कौतुक घेऊन. तसे नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला आणि कोकणातल्या वाड्या अक्षरशः तुटल्या. योगायोग पाहा, त्या कामगारांची मुख्य मागणीही विलीनीकरणाचीच होती, महामंडळाचे शासनात! तेव्हा तिथेही सारे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. परंतु चांगली रीत शेजाऱ्याच्या घरची असली तरी घ्यावी. आपण त्याच्याकडून भाजी घेतो, दूध घेतो, मग वस्तीची गाडी घ्यायला हरकत काय?

आणि सरकारला पैसे द्यायचेच असतील तर ते फेरीवर द्यावेत. गाडी दारात उभी आहे म्हणून मदत नको. साडेसातची फेरी झाली, रिकामी झाली तरी झाली, म्हणून त्या फेरीचे, त्या किलोमीटरांचे पैसे द्या. झाली नाही, तर नाही. म्हणजे मालकालाही रात्रीची फेरी ओझे वाटणार नाही. फेरी झाली की नाही हे कळणार कसे, असा प्रश्न कोणी विचारील. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना गाडी कुठे आहे ते सांगणारे यंत्र बसवणे नियमाने आवश्यक आहे. यंत्र गाडीत आहे, डोळे सरकारकडे आहेत. बघायचेच नाही असे ठरवले असेल तर यंत्र तरी काय करील?

तोवर तुम्ही काय करायचे? दगड मारू नका, गाडी अडवू नका. ड्रायव्हरशी भांडू नका, तो पगारी आहे. पहिले काम म्हणजे तुमच्या मार्गाचे मंजूर वेळापत्रक हातात घ्या. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली वाहतूक खात्याकडे साध्या कागदावर अर्ज करा. मार्गाचे नाव लिहा, त्यावर किती परमिटे आहेत, प्रत्येकाच्या फेऱ्यांच्या वेळा कोणत्या, एवढेच विचारा. अर्ज लिहिता येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोराला बसवा, मोबाईल बाजूला ठेवायला सांगा. वेळापत्रक आले की ते मोठ्या अक्षरांत लिहून थांब्यावर लावा. खाते लावत नसेल तर आपण लावू. मग ग्रामसभेत ठराव घ्या, की या या वेळच्या फेऱ्या होत नाहीत, परमिटाच्या अटी पाहून कारवाई व्हावी. ग्रामसभा रविवारी असते. रविवारी बस नसतेच, म्हणजे सारे गाव घरी असते. सबब चालणार नाही.

मासळीच्या पाटीचाही प्रश्न त्याच ठरावात घाला. धुतलेली पाटी, खाली गोणपाट, मागच्या बाजूला जागा, आणि लागेल ते रास्त भाडे. बायका भाडे द्यायला तयार आहेत. त्यांना फुकट जायचे नाही, त्यांना जायचे आहे. पाणी गळणारी पाटी गाडीत आणू नये हेही मी आपल्या भगिनींना स्पष्टच सांगतो. शेजारच्या मुलीचा कॉलेजचा ड्रेस खराब झाला तर ती ओरडणारच.

आमच्या फाट्यावर गाडेवाल्याच्या दुकानात आम्ही एक वही टांगली आहे. तारीख, गाडीची वेळ, आली की नाही, किती जण उभे होते, एवढे चार रकाने. कोणीही लिहावे. पिकअपमध्ये आमच्याबरोबर बसलेल्या मावशीला लिहिता येत नाही, ती गाडेवाल्याला सांगते आणि तो लिहितो. पेन्सिल दोनदा नाहीशी झाली. आता ती सुंभाने वहीला बांधून ठेवली आहे.